ओल्या मातीची साक्ष

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आमचं भांडण झालं ते कुकरच्या रिंगवरून.

उत्तराखंडात झलधार नावाचं बुग्याल आहे. बुग्याल म्हणजे झाडांची हद्द संपल्यावर लागणारं उंचावरचं कुरण. बाबांचा तंबू तिथे होता आणि मी पुण्याहून रजा काढून त्यांच्याकडे राहायला आले होते. तेवढ्या उंचीवर उघड्या पातेल्यात भात धड शिजत नाही. कुकर होता, पण त्याची रिंग बाबांनी मातीचे नमुने ठेवायच्या डब्याला बसवली होती.

"बाबा, भात कचकच लागतोय."

"चावून खा. दात आहेत ना अजून?"

"रिंग परत कुकरला लावा."

"तुझा भात थांबेल केतकी, माझी माती थांबत नाही."

डॉ. माधव खांबेटे, माझे बाबा. कोकणातल्या एका कृषी महाविद्यालयात त्यांनी जन्मभर मृदाशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले, आई गेली, आणि जांभ्या मातीतला हा माणूस उठून बर्फाच्या मातीकडे निघून गेला. माती खणली की तिच्यात बदल सुरू होतात, म्हणून ती ओली, थंड आणि त्याच दिवशी तपासायची, हा त्यांचा नियम होता. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'ओले सर' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

जेवणं झाल्यावर आम्ही कुरणावर जिवाणू फवारणाऱ्या 'शीतधन' कंपनीच्या तळावर गेलो. तिथला मुख्य शास्त्रज्ञ निखिल सरपोतदार हा बाबांचा सगळ्यांत लाडका विद्यार्थी. आमच्याकडे तो इतका जेवलेला होता, की आई त्याचं पान न विचारता मांडायची. तळाच्या पत्र्यावर वर्तमानपत्रं अंथरून त्यांवर मातीचे नमुने उन्हात पसरले होते.

"काय रे, पापड घातलेस?" बाबांनी विचारलं.

निखिल हसला. "सर, मॅन्युअल. वाळवा, कुटा, चाळा. जगभर असंच करतात."

"जगभर गव्हाची शेतं आहेत. इथल्या मातीतला बराचसा फॉस्फरस जिवाणूंच्या अंगात आहे. तू त्यांना उन्हात फोडतोयस, आणि वर परवानगी देणाऱ्या समितीला सांगतोयस, बघा, जमिनीत आधीपासूनच भरपूर होता."

"थोडा फरक पडत असेल सर. पण समितीला हाच आकडा चालतो."

"वरच्या उताराला भेग गेलीय, निखिल. मी हात घालून बघितली. मुळांची घोंगडी कुजतेय. फवारणी थांबव."

"एवढा मोसम होऊ दे, सर. पुढच्या वर्षी तुमच्या पद्धतीनं करू." मग तो माझ्याकडे वळला. "केतकी, सरांना घरी ने गं. आंबे खायचं वय आहे त्यांचं."

बाबा हसले. मीही हसले.

त्या काळात जगातल्या फॉस्फेटच्या खाणी आटत चालल्या होत्या आणि ज्यांच्याकडे त्या होत्या त्या देशांनी निर्यात बंद केली होती. खत मिळेना. तेव्हा कंपन्यांचं लक्ष थंड प्रदेशांतल्या रानांकडे आणि कुरणांकडे गेलं. तिथल्या मातीत फॉस्फरस थोडाथोडका नसतो. पण थंडीमुळे पालापाचोळा नीट कुजत नाही, म्हणून तो अर्धवट कुजलेल्या पाल्यात अडकतो. काही लोखंडाला आणि ॲल्युमिनियमला चिकटून बसतो. उरलेला सूक्ष्मजीव आपल्या अंगात साठवतात. झाडांच्या वाट्याला येतो तो चिमूटभर. वसंतात बर्फ वितळताना, गोठण्या-वितळण्यात कित्येक सूक्ष्मजीव फुटतात, आणि तेवढे काही दिवस मुळांना मेजवानी मिळते.

तिथल्या वनस्पतींनी या गरिबीशी जमवून घेतलेलं असतं. लव्हाळ्याच्या कुळातलं एक बुटकं गवत तिथे वाढतं. वर बोटभर दिसतं, पण जमिनीखाली त्याच्या मुळांची इतकी दाट वीण असते, की बाबा तिला घोंगडी म्हणत. हिमालयातले कित्येक उतार या घोंगडीने धरून ठेवले आहेत.

शीतधनच्या 'हरितिमा' नावाच्या जिवाणूला थंडीतही अडकलेला फॉस्फरस सोडवता येत होता. ड्रोनने त्याची फवारणी झाली आणि दोन उन्हाळ्यांत झलधारवर गुडघाभर गवत आलं. दूध वाढलं, छायाचित्रं छापून आली. पण हे नवं गवत उपऱ्यासारखं होतं, त्याची मुळं वरवरची. त्याच्या सावलीत लव्हाळा मेला आणि खालची घोंगडी कुजू लागली.

समितीला हे आधीच कळायला हवं होतं. फवारणीने मोकळा फॉस्फरस किती वाढला, हे फवारणीआधीच्या आणि नंतरच्या मातीची तुलना करून ठरायचं. निखिलने दोन्ही माती वाळवल्या. वाळवताना सूक्ष्मजीव फुटतात आणि त्यांच्या पोटातला फॉस्फरस मोकळा म्हणून मोजला जातो. त्यामुळे आधीचा आकडा फुगला आणि नंतरची वाढ जेमतेम दुप्पट दिसली. समितीने त्या वाढीला सौम्य म्हटलं. बाबांच्या ओल्या मातीत ती दसपटीहून जास्त होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोनला रेंज मिळावी म्हणून खाली पोखरगाड गावात गेले. बाबा भेगेच्या कडेने खुंट्या रोवायला वर गेले. आदल्या रात्री पाऊस पडला होता, तिथे नेहमी पडतो तेवढाच. अंथरुणावरून घोंगडी ओढून घ्यावी तसा अख्खा उतार निघून आला. बाबा तिसऱ्या दिवशी मिळाले. तंबू, उपकरणं, त्यांचे सगळे आकडे, काहीच मिळालं नाही.

चौकशी झाली, आणि अतिवृष्टी हे कारण ठरलं.

गावात शीतपेटीत बाबांचे थोडे नमुने राहिले होते. ते मी पुण्याला नेऊन गोठवले आणि मग कळलं, की गोठवल्यानेही सूक्ष्मजीव फुटतात. ओली माती खरं सांगते, पण तेवढ्या दिवसापुरतंच. माझ्या हातात एकही पुरावा नव्हता.

निखिल भेटायला आला. आमच्या दिवाणखान्यात बसून तो खूप रडला. मी चहा केला.

"केतकी, काहीतरी बोल गं," तो म्हणाला.

"साखर कमी झाली का?" मी विचारलं.

पोर किती सावरून आहे, असं सगळे म्हणाले. मी सावरलेली नव्हते. तोंड उघडलं तर जे बाहेर येईल ते पुराव्याशिवाय येईल, आणि पुराव्याशिवाय बोललेलं बाबांना खपत नसे, म्हणून गप्प होते.

माती-पाणी तपासणाऱ्या एका संस्थेत मी नोकरी करत होते. नंतरची चार वर्षं मी दोनच कामं केली, वाचन आणि मोजणी. थंड मातीवर लिहिलेलं जिथून मिळेल तिथून वाचलं. रशियन लोकांचं वाचता यावं म्हणून त्यांची लिपी शिकले. अशा माती ओल्याच तपासाव्यात म्हणून मी अर्जांमागून अर्ज केले, सभांमध्ये उभी राहिले, आणि शेवटी नियम बदलला. लोकांना वाटलं, मुलगी वडिलांचं काम पुढे नेतेय. मी वाट बघत होते. निखिल पुन्हा परवानगी मागायला येणार हे मला माहीत होतं. आला की त्याची माती माझ्याच हातात येणार होती, कारण ती जागेवर तपासू शकणारे लोक देशात फारसे नव्हते.

तो आला. नवा जिवाणू, बारा खोऱ्यांसाठी परवानगी. चाचणीचा पट्टा झलधारवरच, कोसळलेल्या उताराच्या पलीकडे.

मी तळावर पोचले तेव्हा तो धावत पुढे आला. कानशिलांवर पांढरं दिसायला लागलं होतं.

"हा जिवाणू फक्त बर्फ वितळताना जागा होतो, केतकी. ऊब वाढली की आपोआप मरतो. सर म्हणायचे ना, मातीला तिच्या वेळेला वाढा. तेच केलंय." मग संकोचून म्हणाला, "नावही सरांचंच दिलंय. माधवी."

"काय?"

"माधव, म्हणून माधवी. उद्या गावात समितीसमोर सुनावणी आहे. अहवाल दिल्यावर तू सरांबद्दलही दोन शब्द बोल. फार बरं वाटेल सगळ्यांना."

ज्या माणसाचं म्हणणं त्याने हसण्यावारी नेलं, त्याचं नाव आता पिशव्यांवर छापून विकायचं होतं. मी म्हटलं, "बोलेन."

गावातल्या हंसादीदी माझ्याबरोबर वर आल्या होत्या. बाबा असल्यापासून त्यांची ओळख. त्या हिंदीत बोलत, पहाडी हेलात.

"मातीवाल्या साहेबांच्या नावाचं औषध आहे म्हणे. चांगलं आहे का गं बेटी?"

"तपासल्यावर सांगते."

"लवकर सांग. उतार गेला तसा चारा पलीकडच्या खोऱ्यातून पाठीवर आणते. पाठ राहिली नाही आता, नुसतं हाड आहे." त्या दगडावर टेकल्या. "आणि वाईट असेल तर वाईट म्हण. तुम्ही शहरातली माणसं फार मऊ बोलता. मागच्या वेळी मऊ बोलूनच आमचा डोंगर नेला."

मी दोन्हीकडची माती काढली, फवारलेल्या पट्ट्यातली आणि शेजारच्या न फवारलेल्या जमिनीतली. ओलीच चाळली, खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात घुसळली, गाळली आणि रंग आणणारं रसायन घातलं. जितका मोकळा फॉस्फरस जास्त तितका निळा रंग गडद.

न फवारलेल्या मातीची नळी जवळपास पाण्यासारखी राहिली. फवारलेल्या मातीची फिकट आभाळी झाली, जेमतेम दुप्पट, आणि ही दुप्पट खरी होती. मी पट्ट्यात गुडघ्यांवर बसून बोटांनी मुळं चाचपली. घोंगडी घट्ट होती. लव्हाळा जोमात होता.

मी पुन्हा केलं. तोच रंग. तिसऱ्यांदा केलं.

आकडा चांगला आल्याचा राग येण्याची ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. चार वर्षं मी ज्या माणसाची वाट बघितली, तो या वेळी बरोबर निघाला होता. बाबांचं ऐकून बरोबर निघाला होता, बाबा गेल्यावर.

दुपारी मी तंबूतली बुखारी पेटवली. बुखारी म्हणजे पत्र्याची शेगडी. फवारलेली माती ताटलीत पसरून तिच्यावर ठेवली. फवारलेली तेवढी वाळवायची आणि न फवारलेली ओली ठेवायची, मग फरक प्रचंड दिसणार होता. मातीत किती पाणी होतं ते काढायला थोडी माती वाळवावीच लागते, त्यामुळे तंबूत कुणी डोकावलं असतं तरी संशय आला नसता. बारा खोरी हातची गेली असती. शीतधनने निखिलला दाराबाहेर काढलं असतं. शिवाय ज्या हत्याराने त्याने बाबांना मारलं, तेच त्याच्यावर उलटलं असतं. यात मला एक नेटकेपणा दिसत होता आणि त्याचा आनंद होत होता, हे लपवत नाही.

"जेवण गरम करतेस?" हंसादीदींनी बाहेरून विचारलं.

"नाही. माती."

"माती गरम करून काय होतं?"

"खोटं बोलायला लागते."

त्या हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली.

माती वाळली. मी ती कुटली, चाळली, घुसळली. रंग आला तो शाईसारखा निळा. बारा खोरी त्या एका नळीत बुडत होती. मी ती उजेडात धरून बराच वेळ बघत बसले.

मग शेजारी आणखी एक नळी दिसली, तीही जवळजवळ तितकीच निळी. ती न फवारलेल्या मातीची होती.

तीही मी वाळवली होती. कधी पसरली, कधी कुटली, मला कळलंही नव्हतं. फवारलेल्या मातीला जे केलं ते शेजारच्या साध्या मातीलाही करायचं, नाहीतर तुलना काय कामाची, हे बाबांनी माझ्या हातांत इतकं मुरवलं होतं, की लबाडी करतानाही माझ्या हातांनी ते केलं. चोर चोरी करून निघाला आणि सवयीने दाराला कडी घालून गेला, तसं.

मी त्या नळीकडे बघत राहिले. या मातीला कुणी हात लावला नव्हता. जिवाणू नाही, खत नाही, काही नाही. ओली होती तेव्हा ती पाण्यासारखी होती. नुसती वाळवली आणि शाई झाली. चार वर्षांपूर्वी पत्र्यावर जे घडलं, ते माझ्यासमोर काचेत उभं होतं. बाबांची माती टिकली नाही, पण तो डोंगर होता तिथेच होता, आणि विचारलं तर पुन्हा सांगत होता. चार वर्षं मी पुरावा गोठवत बसले होते. तो कुणीही, कधीही, ताजा काढू शकलं असतं.

सुनावणी दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या शाळेच्या पटांगणात होती. समितीच्या अध्यक्ष एक वयस्कर बाई होत्या, डोंगरातल्याच, शालीत गुरफटलेल्या. गाव जमलं होतं. निखिलने छान भाषण केलं. सरांच्या अपघाताने आम्हाला शहाणं केलं, असं म्हणताना त्याचा आवाज दाटला, आणि तो खोटा नव्हता. मग तो म्हणाला, "आता सरांची मुलगी बोलेल."

मी चार नळ्या टेबलावर ओळीने उभ्या केल्या.

"ओल्या मातीच्या या दोन. ही न फवारलेली, ही फवारलेली. वाढ दुप्पट आहे आणि खरी आहे. मुळं शाबूत आहेत. माझ्या मते औषध सुरक्षित आहे."

हंसादीदींनी जोडलेले हात कपाळाला लावून देवाला नमस्कार केला. निखिलने डोळे मिटले.

"आता या दोन. माती त्याच, फक्त वाळवलेल्या. ही फवारलेली आणि ही न फवारलेली. हिच्यात काहीही घातलेलं नाही." मी ती नळी उचलली. "चार वर्षांपूर्वी 'फवारणीआधीची माती' म्हणून समितीला दाखवली ती ही. सुरुवातच एवढी निळी दाखवली की पुढची वाढ कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. डोंगर सुटतोय हे यामुळे दिसलं नाही."

लोक पुढे सरकले. निळा रंग समजायला शिक्षण लागत नाही. मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "म्हणजे पाऊस नव्हता?"

"पाऊस होता," मी म्हटलं. "तो दरवर्षी असतो."

निखिल उभा राहिला. "मॅन्युअलमध्ये तेव्हा वाळवायलाच सांगितलं होतं. कुणाला माहीत नव्हतं..."

"एक मिनिट." अध्यक्षबाईंनी हात वर केला आणि माझ्याकडे रोखून बघितलं. "नव्या नियमात माती वाळवून फॉस्फरस मोजायला बंदी आहे. तो नियम तुम्हीच आणलात, खांबेटे. मग ही कशासाठी वाळवली?"

तुलनेसाठी, असं म्हणता आलं असतं. सगळ्यांनी मान डोलावली असती, आणि मी सावरलेली पोर म्हणून पुण्याला परतले असते.

"याला संपवण्यासाठी," मी म्हटलं.

मी निखिलकडे बोट दाखवलं.

"फवारलेल्या मातीचा खोटा आकडा तुम्हाला देणार होते. दुसरी माती सवयीने वाळवली गेली, म्हणून वाचला हा. माझ्यावर विश्वास राहिला नसेल तर दुसऱ्या कुणाला बोलवा, तपासून घ्या, हाच आकडा येईल. मला तपासणीतून काढायचं तर काढा. पण औषध अडवू नका, या लोकांना चारा हवाय. आणि त्याच्यावरचं माझ्या वडिलांचं नाव आज पुसा."

"केतकी," निखिल हळू म्हणाला. त्याचा चेहरा आमच्या दिवाणखान्यात झाला होता तसा झाला होता. "अगं, मलाही सर..."

"कुणाला माहीत नव्हतं म्हणालास. सर सांगून गेले होते. पत्र्याखाली उभे राहून, माझ्यासमोर. थांबव म्हणाले. तू त्यांना आंबे खायला पाठवत होतास." माझा आवाज शाळेच्या भिंतीवर आपटून परत येत होता. इतका मोठा मी तो कधी ऐकला नव्हता. "तो अपघात नव्हता, निखिल. माझ्या बाबांना तू मारलंस."